कपाटाचा प्रसंग

(शिंप्याचं दुकान. बुधवारची दुपार. शिवणयंत्र चालू आहे. समोरच्या बाकावर त्याचे दोन मित्र : थिएटरच्या मशीनरूममधून निवृत्त झालेला ऑपरेटर आणि पलीकडचा सायकलवाला.)

ऑपरेटर : ...तुम्ही फोन चालू केलात, कानाला लावलात, हातातला चहा याच्याकडे दिलात आणि थिएटरच्या फाटकाकडे चालू लागलात. मध्यंतर संपायचं होतं अजून.

सायकलवाला : दोन कप धरून मी मागनं पळतोय. मला वाटलं, दुकान फोडलं कोणी.

शिंपी : शेजारीण बोलत होती. म्हणाली, वहिनी उठत नाहीत. मी म्हटलं, झोपली असेल. मग ती रडायला लागली, तेव्हा कळलं. परवाच्या शुक्रवारी तीन आठवडे होतील.

सायकलवाला : आम्ही हे काढायला आलो नव्हतो, मास्तर. यानं काढलं. आमचं नव्या सिनेमावरून वाजलंय. मी म्हणतो झकास, हा म्हणतो रद्दी. तुम्ही बोलल्याशिवाय निकाल लागत नाही.

शिंपी : मी पाहिलेला नाही.

सायकलवाला : सांगतो ना. एक बस ड्रायव्हर, निवृत्त झालेला. तरी रोज सकाळी गणवेश घालून डेपोत जाऊन बसतो. घरी बायको त्याच्या नावानं ओरडते, तो ऐकू आलं नाही असं दाखवतो, फार मजा आहे. मग... मग त्याचा मुलगा त्याला आपल्या घरी नेतो. तिथं सुनेचं आणि त्याचं—

शिंपी : थांब. बायको कुठे गेली?

सायकलवाला : कुठली?

शिंपी : ओरडत होती ती. मुलानं एकट्या बापालाच कसं नेलं?

सायकलवाला : आहे की. म्हणजे, तिचं काम तसं लहानच आहे.

शिंपी : मध्यंतराआधी जाते की नंतर?

ऑपरेटर : आधी. मी याला बजावलं होतं, मास्तरांपुढे हा सिनेमा नको.

सायकलवाला : म्हणून तर गाळलं तेवढं.

शिंपी : गाळलंस म्हणूनच कळलं. चेन उतरावी तसा आवाज उतरला तुझा.

ऑपरेटर : हे बघ. मी तीस वर्षं मशीनमागे उभा राहून सिनेमे बघितले. हे दुकानात बसून ओळखतात.

शिंपी : ते माझं नाही. तिचं आहे.

सायकलवाला : वहिनींचं? त्या तर थिएटरात कधी आल्याच नाहीत.

शिंपी : अंधारात गुदमरायचं तिला. मी शुक्रवारी बघून यायचो. संध्याकाळी ती काजं करायला बसायची आणि मी गोष्ट सांगायचो. मध्यंतरापर्यंत संध्याकाळी, पुढची सकाळी चहाच्या वेळी. मी कुठे घाई केली की म्हणायची, इथे सिनेमा पातळ झालाय. काही गाळलं तर सुई थांबायची तिची. म्हणायची, ते परत सांगा, तिथंच काहीतरी गडबड आहे. दुपारी दुकानात मी तुम्हाला तेच ऐकवायचो.

सायकलवाला : म्हणजे ते, 'एवढ्या मोठ्या घरात भांडी कोण घासतं ते दाखवलंच नाही'?

शिंपी : तिचं.

सायकलवाला : 'खलनायकाची घरी कोणी वाट बघत नाही, म्हणून तो खरा वाटत नाही'?

शिंपी : तेही.

सायकलवाला : अकरा वर्षं मी वहिनींशी वाद घालत होतो की काय.

ऑपरेटर : आणि दर वेळी हरत होतास.

शिंपी : तुझं बोलणं मी घरी सांगायचो. हसायची. म्हणायची, त्याला सांगा, सिनेमा म्हणजे सायकल नव्हे, नुसती हवा भरून चालत नाही.

सायकलवाला : हे कधी सांगितलं नाहीत.

शिंपी : तुला लागलं असतं.

ऑपरेटर : मास्तर, एक सांगायचंय. तो दोन भावांचा सिनेमा, आपण अर्धाच पाहिला तो. आम्हीही पुढचा पाहिला नाही. मागच्या लहान हॉलमध्ये ढकललाय, उद्या उतरतोय. तीनचा शेवटचा खेळ.

शिंपी : तिला सांगितलाय मी तो. मध्यंतरापर्यंत.

सायकलवाला : कधी?

शिंपी : त्याच संध्याकाळी. मुलगी पोहोचेपर्यंत ठेवलं होतं तिला. बायका बाहेर बसल्या होत्या. मी दार लोटलं आणि सांगितला. बापाचं घर, दोन भावांचा अबोला, सगळं. कपाटाचा प्रसंग तेवढा सोडला.

सायकलवाला : अहो, तोच तर खरा. कपाट जिन्यात अडकलंय, भावाभावांत बोलणं नाही, म्हणून दोघं कपाटालाच सांगतात. 'कपाटा, जरा डावीकडे हो.' 'कपाटा, वरच्याला सांग, हात सुटतोय.' तुम्ही हसून हसून डोळे पुसत होता. माझ्या मांडीवर थाप मारलीत.

शिंपी : शेजारणीचा पहिला फोन बारा चाळीसचा. त्यानंतर चार. फोन चालू केल्यावर दिसलं. खेळ बाराचा होता. तुम्हीच सांगा ऑपरेटर, जाहिराती धरून चाळिसाव्या मिनिटाला पडद्यावर काय होतं?

ऑपरेटर : कपाट.

शिंपी : सकाळी म्हणाली होती, पाठ भरून आलीय. मी म्हटलं, राहू का घरी? म्हणाली, मग संध्याकाळी मला काय सांगाल?

ऑपरेटर : फोन बंद ठेवायचा नियम माझा होता.

शिंपी : नियम चांगला होता. त्याचं काही नाही.

सायकलवाला : गाळलंत ते त्यांना कळलं असतं.

शिंपी : लगेच.

ऑपरेटर : उद्या येता? मॅनेजर ओळखीचा आहे. मध्यंतरानंतर आत जाऊ.

शिंपी : पाहिला की संपला. अजून अर्धा आहे, म्हणून घरी गेल्यावर वाटतं की काहीतरी बाकी आहे.

ऑपरेटर : वहिनींनी अर्धवट शिवलेला कपडा कधी गिऱ्हाइकाला देऊ दिला?

शिंपी : नाही.

सायकलवाला : नाहीतर मी बघून येतो आणि तुम्हाला सांगतो.

शिंपी : तू शेवट आधी सांगतोस.

सायकलवाला : तेही खरंच.

शिंपी : तिघांची तिकिटं काढा. मध्यंतरानंतर नको, पहिल्यापासून बघू. फोन मात्र मी चालू ठेवणार.

सायकलवाला : आता कोणाचा—

ऑपरेटर : गप. ठेवा चालू, मास्तर.

शिंपी : कपाटाचा प्रसंग, आणि मध्यंतरानंतरचं सगळं. एवढं तिला सांगायचं राहिलंय.