पहिल्या फटक्याचा मान

सतरा नोव्हेंबर, रविवार. सकाळी स्वच्छ ऊन. अकराच्या सुमाराला दरीतून धुकं वर आलं आणि गोल्फच्या मैदानात अठराव्या होलवर पहिला फटका मारायच्या आधीच खेळ थांबला.

— नाही हो, बसा की, उठताय कशाला, हा आडोसा काही माझ्या मालकीचा नाही, आणि ते गवत कापायचं मशीन घेऊन या धुक्यात जाणार कुठे तुम्ही, कुणाच्या तरी पायावर घालाल. बसा. मीच उभी राहते, मला बसवत नाहीये. ती पलीकडे झाडाखाली दिसतेय का तुम्हाला, निळ्या टोपीतली? आता नाही दिसायची. मघाशी दिसत होती. ती माझी धाकटी जाऊ. आम्ही दोघी बरोबरीत आहोत, हा शेवटचा होल, आणि आत्ताचा सतरावा मी जिंकला, म्हणजे इथे पहिल्या फटक्याचा मान माझा. तीच तर पंचाईत. तुम्ही रोज इथे असता, इतक्यांचं बघता, मला एकच सांगा — या असल्या सामन्यात, जिथे एकेक होल म्हणजे वेगळं भांडण, तिथे आधी मारणारीचा फायदा की मागून मारणारीचा? नुसती मान हलवू नका. बरं, राहू दे, मीच सांगते.

मागून मारणारीचा. अहो, उघड आहे. पुढचीचा बॉल गेला झाडीत की आपण निवांत — लहान स्टिक घ्यायची, मधोमध ठेवायचा, झालं. वारा कुठला तेही आयतं कळतं. आता आमच्याबरोबर इथे खेळतात ते दातांचे डॉक्टर उलट सांगतात. म्हणतात, आधी मारा, सरळ आणि लांब मारा, आणि मग बघा मागचीचे हात कसे गार पडतात. खरं आहे, पण सरळ गेला तर ना! नाही गेला तर ती मागे उभी राहून हसू दाबणार. दाबते हं ती. तिला वाटतं मला कळत नाही. आम्ही दोघी लग्न होऊन आल्यापासून एका काउंटरमागे उभ्या आहोत, तिचा खांदा हलला तरी मला कळतं.

चष्म्याचं दुकान आहे आमचं. सासऱ्यांचं, पण दोघा भावांना त्यात कधी रस नव्हता, चालवलं आम्ही दोघींनीच. मी डोळे तपासते, ती मागच्या खोलीत काचा घासते, फ्रेममध्ये बसवते. आता नवीन बाजारात दुसरं काढलंय — मोठं, उजेड भरपूर, दारं आपोआप उघडतात. आणि ठरलंय की एक तिचं, एक माझं. दोन्ही सारखीच चालतात, त्यात कुणाचं नुकसान नाही. फक्त कुठलं कुणाचं ते ठरत नाही. का ठरत नाही? कारण मी म्हणते, तू आधी सांग. ती म्हणते, छे, ताई, तुम्ही मोठ्या, तुम्ही आधी. मी म्हणते, अगं, मला काय, कुठलंही चालेल. ती म्हणते, मलाही कुठलंही चालेल. उन्हाळ्यापासून हेच चाललंय! जेवताना हेच, शटर ओढताना हेच. माझे यजमान म्हणाले, तुम्ही दोघी दारात उभ्या राहून आधी तू आधी तू करणार आणि दुकानं तिसराच कुणी घेऊन जाणार. मग इथल्या स्पर्धेत नेमकी आमचीच गाठ पडली, तेव्हा तीच म्हणाली, ताई, जी जिंकेल तिने आधी सांगायचं, आणि सांगायचंच, कुठलंही चालेल म्हणायचं नाही. मी हो म्हटलं. काय म्हणणार?

थोडं विरळ झालं का? नाही. तो झेंडा दिसला पाहिजे, त्याशिवाय सोडणार नाहीत.

तर — मला जुनं हवंय. आता तुम्हाला म्हणून सांगते. अरुंद आहे, दिवसा दिवा लावावा लागतो, तपासायची खोली इतकी तोकडी की अक्षरांचा तक्ता पेशंटच्या डोक्यामागे उलटा लावलाय आणि तो समोरच्या आरशात बघून वाचायचा. पण मला अंधारात हात घातला तरी कुठली काच कुठे आहे ते सापडतं. नव्या दुकानात मी स्वतःच गिऱ्हाइकासारखी वाटते. आणि धाकटीलाही जुनंच हवंय, मला पक्कं माहीत आहे, तिची ती खोली आहे तिथे, तिचं घासायचं चाक, तिचा रेडिओ. बोलत नाही, पण मला कळतं.

दिवसभर मी लोकांना काय विचारते माहितीये? हे बरं दिसतं की हे? पहिलं की दुसरं? निम्मे लोक गोंधळतात, म्हणतात पहिलं परत दाखवा. आणि अगदीच कळेनासं झालं की दुसरं म्हणून मोकळे होतात. शेवटचं पाहिलेलं बरं वाटतं माणसाला. मी पण तशीच. साडी घेताना ती आधी उचलणार, मग मी. सुट्टी ती आधी सांगणार, मग मी. सगळे म्हणतात, मोठीचं मन मोठं. असेल. पण — हसू नका — दुसरं राहिलं की एक बरं असतं. नंतर बोलायला मिळतं. तूच घेतलीस ना ती निळी, मी काही म्हटलं का? असं. सारखं नाही, वर्षातून एखाद्या वेळी. पुरतं तेवढं. आता तिने जुनं दुकान घेतलं तर मला आयुष्यभर पुरेल.

हे मी काय बोलतेय तुमच्याशी!

तेराव्यावर काय झालं सांगू? तो तळ्याचा होल. मान तिचा होता. बारावा बरोबरीत सुटलेला, म्हणजे आधीचाच क्रम राहतो, हे मला माहीत — म्हणजे नक्की नव्हतं माहीत, विसरले होते — पण मारायच्या जागी, टीवर गेले, बॉल ठेवला आणि मारला. कुणाला विचारलं नाही. असा बसला म्हणता! तळं ओलांडून झेंड्याजवळ, हात लांब केला तर लागेल इतका. जन्मात असा मारला नव्हता. आणि धाकटी म्हणते, ताई, टर्न माझा होता, परत मारा. मी म्हटलं, अगं, चुकून झालं. चुकूनच झालं असेल, पण परत मारा. नियम आहे तसा, समोरचीने म्हटलं तर फटका रद्द. तिने कधी मला परत कर म्हटलं नव्हतं, कशालाच. मग तिने मारला, बरा मारला, आणि मागून मी मारला तो तळ्यात. मागूनच होते की मी! मग कुठे गेला फायदा?

रागावले मी. पण राग कशाचा, तेच कळेना. तो पहिला फटका मारताना मी वारा बघितला नाही, तिचं बघितलं नाही, काहीच बघितलं नाही. मला हवा होता म्हणून मारला. आणि —

झेंडा. दिसला ना? लाल. अगदी दिसला. ती बघा उठली, टोपी झटकतेय. अगं हो, आले, आले! माझाच आहे पहिला, माहितीये मला! — तुम्ही उठा हो, मशीन काढा तिथून, वाटेत उभं आहे. जा, जा, मला आता कुणी बोलायला नको.

अठरावा होल : मोठी जाऊ पाच फटके, धाकटी चार. धाकटी एका होलने विजयी. तिने नवं दुकान घेतलं.