कुत्र्यालाही अहो

एस्बेन : नाही, ओक-बुनताई, मन-होंचं पत्र मिळालं नाही असं मी म्हणत नाही. मिळालं होतं. दोन हिवाळ्यांपूर्वी. मी उत्तर दिलं नाही.

ओक-बुन : आणि हे आत्ता सांगताय! बुसानला भाचीच्या लग्नात मी त्याच्यासमोर छातीठोक सांगून आले, पोस्टमनच आळशी असेल, आमचे मास्तर तसे नाहीत.

एस्बेन : पोस्टमन चांगला माणूस आहे.

ओक-बुन : तेच म्हणतेय मी! ती शिंपल्यांची परात इकडे सरकवा. हातात चाकू असला की मला नीट रागावता येतं. असं काय लिहिलं होतं त्यानं?

एस्बेन : वाईट काहीच नाही. उलट फार चांगलं. इतकी वर्षं एका कॉलेजात शिकवलं, एका टेबलावर जेवलो, आपण एकाच सालचे, आता तरी अहो-जाहो पुरे, मला तू म्हण. स्वतः तर लगेच सुरुवातच केली होती. शेवटी लिहिलं होतं, 'जेवलास का?'

ओक-बुन : मग? दोन ओळी खरडायच्या.

एस्बेन : बसलो होतो खरडायला. 'तुम्ही' लिहिलं तर तो नकार. आणि 'तू'... ताई, मला तुमची कोरियन भाषा पुस्तकांनी शिकवली. पुस्तकं सगळ्यांना तुम्ही म्हणतात. एखादं क्रियापद चुकलं तर सलगीऐवजी उर्मटपणा व्हायचा. विचार करत राहिलो. मग इतका उशीर झाला, की उशिराचीच लाज वाटायला लागली.

ओक-बुन : तुमच्या डेन्मार्कात काय म्हणतात?

एस्बेन : तिथे सगळे सगळ्यांना तूच म्हणतात. शेजाऱ्याला, शिक्षकाला, मंत्र्यालाही.

ओक-बुन : आणि तिथून येऊन तुम्ही माझ्या कुत्र्याला अहो म्हणता! काल ऐकलं मी. 'दुबू, जरा बाजूला बसता का?'

एस्बेन : तो पायरीवर झोपला होता. झोपमोड होणार होती त्याची.

ओक-बुन : तेव्हापासून नुसता तोऱ्यात फिरतोय. बरं, ऐका. मन-हो इथलं घर विकतोय.

एस्बेन : ते ओसरीवालं? आम्ही दर रविवारी तिथेच तर नूडल्स खायचो!

ओक-बुन : तेच. बुसानला लेकाकडे जीव रमत नाही त्याचा, तरी इथलं विकतोय. मी विचारलं, का हो दादा? तर म्हणाला, 'आपल्या गावात, बोलग्योत, आता माझं कोण आहे? ज्याला विचारलं त्यानं उत्तर दिलं नाही. म्हणजे दिलंच.' पुढच्या आठवड्यात कागद होणार.

एस्बेन : असं म्हणाले?

ओक-बुन : अस्सं. पण मला एक सांगा. एकाच सालचे, असं त्यानं लिहिलं?

एस्बेन : हो. मी एकोणपन्नासचा, तेही एकोणपन्नासचे.

ओक-बुन : अहो, तो माझ्या थोरल्या भावाच्या वर्गात होता! तुमच्याहून चांगला तीन वर्षांनी मोठा.

एस्बेन : पण ओळखपत्रावर—

ओक-बुन : त्या काळी पोर जगतंय का ते बघून मग दोन-तीन वर्षांनी सरकारी दप्तरात नाव घालायचे. सगळ्या गावाला ठाऊक आहे. इथे एका वर्षाच्या मोठेपणावरून पुरुष दारूचे पेले आपटतात, मास्तर. आणि हा मन-हो! मला अजून दादा म्हणायला लावतो. ज्यानं कधी कुणाला एक महिना सोडला नाही, त्यानं तुम्हाला अख्खी तीन वर्षं सोडली.

एस्बेन : ...मग मी त्यांना दादाच म्हणायला हवं.

ओक-बुन : हा चाकू शिंपल्यांसाठी आहे, पण माझा हात सुटेल हं! तो तुमच्यासाठी पायरी उतरून खाली आला, आणि तुम्ही त्याला परत वर चढवताय?

एस्बेन : नको. नाही. ते खाली आले... तो. तो खाली आला.

ओक-बुन : हं. आता कसं!

एस्बेन : तुमच्यावर थोडा सराव केला तर चालेल? ओक-बुन, तू—

ओक-बुन : खबरदार! मी वर्षानं मोठी आहे, आणि मी काही सोडणार नाही. दुबूवर करा.

एस्बेन : दुबू, तू... उठता का?

ओक-बुन : अर्धं तिकडे, अर्धं इकडे. पुन्हा.

एस्बेन : दुबू, उठतोस का?

ओक-बुन : बघा, शेपटी हलली! लावा आता मन-होला फोन.

एस्बेन : फोन नको. त्याचा आवाज ऐकला की माझी जीभ 'तुम्ही'वर घसरेल. आणि त्यानं लिहून विचारलंय, उत्तर लिहूनच जायला हवं. कागद आहे का? घरी गेलो तर मी शब्दकोश उघडेन. शब्दकोश उघडला की संपलं.

ओक-बुन : गेल्या महिन्याचं कॅलेंडर आहे, पाठकोरं. कोपऱ्याला शिंपल्यांचं पाणी लागलंय.

एस्बेन : चालेल. त्याला तो वास ओळखीचा आहे.

ओक-बुन : लिहून ठेवा, सकाळी टाकू.

एस्बेन : सकाळपर्यंत मी फाडून टाकेन. ताई, आजच. मी बंद म्हटलं की तुम्ही पाकीट बंद करायचं, मी म्हटलं तरी पुन्हा उघडू द्यायचं नाही.

(बाजाराच्या कोपऱ्यावर, टपालपेटीपाशी. दुबू मागे मागे आला आहे.)

ओक-बुन : किती वेळ पेटीसमोर उभे राहणार! आणा इकडे, मी टाकते.

एस्बेन : नको. माझं मला टाकू द्या. दुबू, बाजूला हो रे जरा.

ओक-बुन : पडलं?

एस्बेन : पडलं.

ओक-बुन : एवढा मोठा कागद दिला, आणि शिंपली उघडेपर्यंत तुमचं लिहून झालं. लिहिलंत तरी काय?

एस्बेन : 'जेवलो रे. तू जेवलास का?'