चित्राकाकूंचा चिनी काढा

“गणिताची भीती घालवणारी मुळी आहे का?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मी आमच्या उइटहॉर्न गावातल्या चिनी औषधांच्या दुकानात विचारलं. दुकानदार आजोबा शांतपणे नाही म्हणाले. माझ्यामागे दोन काकू मराठीत बोलत होत्या.

“चित्रा, सासूबाईंचा काढा बेसिनमध्ये ओततेस आणि चिनी काढा पितेस?”

“मृदुला, हा हजारो वर्षं जुना आहे.”

“त्यांचाही तेवढाच जुना आहे.”

“पण हा सासूबाईंचा नाही.”

“केमोच्या नर्सला सांगितलंस?”

“ती बंद करायला लावेल.”

चित्राकाकूंनी काढ्याचं रिकामं पाकीट पुढे केलं. आजोबांनी विचारलं, “कशासाठी?”

“ब्रेस्ट कॅन्सर. केमो चालू आहे.”

“मग आधी डॉक्टरांना विचारा. त्याशिवाय मी देणार नाही.”

“हा कसला गं वैद्य?” चित्राकाकू मराठीत पुटपुटल्या. “ऑनलाइनवाल्याने एक प्रश्न विचारला नव्हता.”

“मग मागव त्याच्याकडूनच. मंगळवारच्या केमोआधी येईल.”

“टोमणे नको मारूस. नर्ससमोर माझी जीभच उचलत नाही.”

“काकू, मी सांगू तिला?” मी विचारलं.

दोघी दचकल्या.

“ती रागावली तर?” चित्राकाकूंनी हळूच विचारलं.

“माझ्यावर रागावू दे.”

घरी पोचल्या पोचल्या मी जाहीर केलं, “आई, बाबा, मंगळवारी मी शाळेत जाणार नाही. एका काकूंबरोबर केमोला जाणार आहे. त्यांचं नाव मला आज दुपारीच कळलंय.”