आठ सेन्सर आणि बाबांचं एक बोट

अरे, माझा डिप्लोमाचा प्रोजेक्ट बाबांनी वाचवला, होडीवर गरीने, म्हणजे गळाने, मासे मारणाऱ्या माणसाने! फळीवर ठोका कुठे पडला ते दिव्याने दाखवायचं होतं. फळीखाली सेन्सर आठ, प्रत्येकाचा एक दिवा; पण सेन्सरांचा सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर एकच. मी शहाण्याने आठही एकत्र जोडले. ठोका कळायचा, जागा कळेना. सबमिशन दुसऱ्या दिवशी.

बाबा म्हणाले, "रे, मी आठ गरी टाकतंय, म्हणान माका आठ हात आसत? बोट एकच, ताच सगळ्या दोऱ्यांवर फिरवतंय, खंयची दोरी हलता ता कळता."

मी चमकलो. मध्ये स्विचची चिप घातली. मायक्रोकंट्रोलर एकेक सेन्सर भराभर, पाळीपाळीने अ‍ॅम्प्लिफायरला जोडू लागला.

बाबांनी फळीवर टिचकी मारली. पाचवा दिवा पेटला.

बाबा ओरडले, "ओढ रे, पाचव्या गरीक मासो लागलो!"