गाडीचा आवाज

नंदुरबारच्या गुरांच्या दवाखान्यात शांतीबाई आजारी शेळी घेऊन बाकावर बसली होती. शेजारी रनाळ्याचं एक जोडपं येऊन टेकलं. बाईच्या पदरात कुत्र्याचं काळं पिल्लू होतं आणि नवरा-बायको आवाज दाबून भांडत होती.

"बठ्ठं घर मुतारी करी टाकं यानी. डॉक्टरले सांग, एखादं इंजेक्शन द्या म्हना," नवरा म्हणाला.

"दोन महिनानं पिल्लू शे. त्याले धरवत नही. खाई-पिई उठनं का मी बाहेर नेस, तठेच बसस. शिकी ऱ्हायनं ते."

"शिकी ऱ्हायनं? मंग मन्हा पायवर काब्र मुतस?"

"तुम्ही त्यानं नाक मुतमा दाबं का नही?"

"असंच शिकाडतस. मन्हा बापबी असंच करे."

"काय शिकनं ते? तुम्हना गाडीना आवाज उना का कोठीमांगे दडस, आनि तठेच सोडस. तुम्ही वावरमा ऱ्हातस तवय दिनभर घर कोरडं ऱ्हास. मी फडकं हातमा लेत नही."

"म्हंजे दोष मन्हा?"

"डॉक्टरले तेच सांगसू."

"चार लोकमा मन्ही इज्जत काढशी? एका कुत्राना पायी?"

"कुत्राना पायी नही. आपली रविना आठ वर्षानी व्हयनी तरी गोधडी ओली करे. किती दवाखाना करात, किती दोरा बांधात. बंद कवय व्हयनं, याद शे?"

"कवय?"

"तुम्ही सुरतले कामले गयात, त्याच सालले."