सनागाच्या काठी माश्या उठतात तेव्हा

—पाय झाक म्हणतेय ना मघापासून, पाय! तोंडाच्या वाटेला फार जात नाहीत त्या, पोटरीलाच डसतात. नवा दिसतोस. सनागा नदीतली वाळू काढायला आलायस ना? मग ऐक — सकाळी या काळ्या माश्या चावतात, ऊन तापलं की झाडीत दडतात, उन्हं कलली की पुन्हा उठतात, सकाळपेक्षा जास्त. ढग असले तर दिवसभर. चावते तेव्हा कळतही नाही — रक्ताचा ठिपका दिसला की मग खाजवत बसायचं. खा, राजमा गार होतोय.

डोळे? हो, जातात. लगेच नाही, वर्षानुवर्षं चावून घेतलं की. आमच्या बेलिंगाचे गेले — माझा नवरा. तरी वाळूसाठी बुड्या मारायचा! हसतोस काय, खाली गढुळात डोळसाला तरी काय दिसतंय? बादली चाचपडतच भरायची. पंचाईत वर आल्यावर — नाव कुठंय? म्हणून आमचा प्रोस्पेर नावेत बसून काठीनं ठोकत राहायचा, ठक ठक, ठक ठक, आणि बाप त्या आवाजाच्या रोखानं यायचा. इथं पिठाचे गोळे तळताना मला ऐकू यायचं.

त्या दिवशी ढग होते. दुपारीही माश्या हटल्या नाहीत, संध्याकाळी तर विचारू नको. आणि ठोकणं थांबलं. मला वाटलं, नाव भरली, येतील आता. बेलिंगा वर आला तो नावेपासून लांब, म्हणतात — पोहत सुटला तो उलटाच, मधल्या धारेकडे. खाली वळणावर सापडला.

प्रोस्पेर म्हणाला, "आई, दोन्ही हात माश्या मारण्यात गुंतले गं. क्षणभरच." क्षणभर. माझा एक घाणा तळून निघाला, दुसरा सोडला, तोही निघाला — तेवढा. असेल क्षणभरच. रडले? नाही बाबा. तळलेले होते ते विकले.

आता तो दुआला शहरात असतो, गोदामात. तिथं या माश्या नाहीत. येत नाही. मीही ये म्हणत नाही —

काय? पोरामुळं गेला असं मी कुठं म्हटलं? पोरगा चांगला आहे माझा. माश्यांनी केलं ते. सगळ्यांना हेच सांगते, तुलाही हेच सांगितलं. झालं ना खाऊन? मग ऊठ. जागा दे, माणसं उभी आहेत मागं.