काचेवरचं कुंकू

हं, बसा मंडळी! मागचे पुढे या, पुढच्यांनी गप्पा आवरा. आजच्या कीर्तनाचा प्रश्न साधाच आहे — पाठ झालं म्हणजे कळलं का हो? ऐका तर.

एका तालुक्याच्या गावात गेनबा लोखंडे नावाचा माणूस. नगरपालिकेत पाणी सोडायचं काम. अठ्ठावीस वर्षं! खांद्यावर लोखंडी चावी टाकायची, आळीच्या तोंडाशी जायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा — की घराघरांत पाणी! आज पाणी कुणाला, हे त्याला झोपेतून उठवून विचारावं.

आणि मग आला कॉम्प्युटर! आता चावी नको, पडद्यावरचं बटण दाबायचं. शिकवायला जिल्ह्याहून तृप्ती मॅडम आल्या. म्हणाल्या, "काका, आधी पडदा समजून घ्या. ही टाकी, ही पाइपलाइन —"

"ते राहू द्या हो मॅडम! दाबायचं कुठं, तेवढं सांगा."

आपण तरी वेगळं काय करतो? असो.

खंडेनवमीला गेनबानं यंत्राची पूजा केली. चांगलंच केलं. पण करता करता, काचेवर कुंभारवाड्याचं बटण दिसत होतं तिथं कुंकवाचं बोट टेकवलं! पेठेच्या बटणावर हळदीचं. माउसचा बाण कुंकवावर न्यायचा, दाबायचं — कुंभारवाड्याला पाणी! पाच महिने बिनचूक. साहेब खूश, गेनबा खूश.

मार्चात प्रोग्रॅम बदलला. बटणं सरकली, कुंकू जागच्या जागी! गेनबानं सवयीनं बाण नेला, दाबलं. झालं! कालच पाणी मिळालेल्या पेठेत गटारं वाहायला लागली, आणि चार दिवसांनी आज पाळी आलेला कुंभारवाडा कोरडा ठणठणीत.

बायका रिकामे हंडे घेऊन नगरपालिकेत. पुढं गोदाक्का. "गेनबा, लेक बाळंतीण आहे रे माझी! तीन दिवसांचं पोर, अंघोळीला तांब्याभर पाणी नाही. हातात चावी होती तेव्हा कधी चुकलास का?"

गेनबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टाकीत पाणी उरलं होतं अर्ध्या तासाचं. आता चुकलं, तर कुंभारवाडा आणखी चार दिवस तसाच! त्यानं घाईघाईनं पेठेतला व्हॉल्व्ह हातानं बंद केला आणि मॅडमना फोन लावला.

"काका, मला इथून तुमचा पडदा दिसत नाही. तुम्हीच वाचा."

"मला कुठं येतंय —"

"वाचा हो!"

गेनबानं सदऱ्याच्या बाहीनं काच पुसली. पहिल्यांदाच पडद्याकडं बघितलं, मंडळी! पाच महिन्यांत पहिल्यांदा!

"वर टाकी आहे... तिच्यातनं निळी रेघ निघालीय... मारुतीपाशी वाकडी झालीय... अहो मॅडम, हा वाकडा पाइप मी बसवलाय! हे तर माझं गाव आहे!"

"मग कुंभारवाडा कुठं?"

"दुसऱ्या फाट्याला, डावीकडं. हे काय, नाव लिहिलंय की!"

"दाबा."

दाबलं. पाणी आलं. गोदाक्काच्या नातवाची अंघोळ झाली. गेनबाला नोटीस मिळायची ती मिळालीच. सरकारी काम आहे.

हसलात गेनबाला? जे गाव तो अठ्ठावीस वर्षं पायी फिरला, तेच पुढ्यात मांडलं होतं, आणि यानं बघितलं नाही. आणि आपण? रोज हात जोडतो, ओठ हलवतो, टाळ्या वाजवतो. काय म्हणतोय, कुणाला म्हणतोय, कधी जरा थांबून —

झालं! केलात नामाचा गजर? अहो, मी हात वर केला तो घाम पुसायला!